मुख्य मैदानाचा दर

३ मार्च, सोमवार

आजपासून ही वही. मोठ्या कामाची सुरुवात कुणीतरी लिहून ठेवायला हवी, आणि आमच्या कंपनीत लिहिणारा मीच आहे. मोजणारा, विकणारा आणि मालकही मीच. बायको टाइप करते, पण सकाळी ती छापखान्यात नोकरीला जाते, त्यामुळे तिला अर्धवेळ धरलं पाहिजे.

दादाचं खतांचं दुकान सोडून आज तीन महिने झाले. अकरा वर्षं त्या काउंटरमागे बसलो. गिऱ्हाइकाला मी काही सांगायला लागलो की दादा मधेच म्हणायचा, "तू पावती फाड, सल्ले मी देतो." शेवटी एक दिवस पावतीपुस्तक त्याच्यासमोर ठेवलं आणि बाहेर पडलो. घरात मला सगळे 'शास्त्रज्ञ' म्हणतात. आधी दादाने सुरू केलं, मग वहिनीने उचललं. निघताना तो म्हणाला, "जा शास्त्रज्ञ. खुर्ची रिकामीच ठेवतो." जाता जाताही त्याने मान राखला, हे कबूल करायला हवं.

तीन महिन्यांत पाच अंगणांच्या हिरवळीला खत घातलं. त्यातलं एक सासऱ्यांचं होतं.

आज निवासी शाळेची निविदा निघाली. टेकडीखालचं सगळं आवार, वर्षभर, चार वेळा खत. मी वाचून दाखवलं तेव्हा बायको फ्रिजमधून दूध काढत होती. म्हणजे आधी खत पसरायच्या यंत्राचा दांडा उचलत होती. ते यंत्र सोफा आणि फ्रिजच्या मधे उभं आहे, कारण आपल्याकडे गोदाम नाही. ते तिच्या साठवलेल्या पैशांतून घेतलेलं आहे, हे ती बोलून दाखवत नाही. फक्त दांडा उचलताना माझ्याकडे बघते.

"हे काम मिळालं तर ठीक," ती म्हणाली. "नाही मिळालं तर एक तारखेला तुम्ही दादांच्या दुकानात आणि हे यंत्र विकायला. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. अशा बाबतीत मी फार वेळ लावत नाही.

५ मार्च, बुधवार

शाळेत जाऊन आलो. मॅनेजर मॅडमनी आवाराचा नकाशा दिला, हेडमाळ्याला बोलावलं आणि म्हणाल्या, "यांना सगळं दाखवा. आतापर्यंत प्रत्यक्ष बघायला आलेले हे पहिलेच." मी मान थोडी झुकवली.

हेडमाळी सुकलेल्या शेंगेसारखा माणूस. बोलतो कमी, बघतो जास्त. मी मोजायचं चाक ढकलत पुढे, तो पाठीमागे. सकाळभर चाललो. इमारती, गाड्या लावायची जागा आणि तळं वगळून एक्केचाळीस हजार चौरस मीटर गवत भरलं. आणि काय त्याची अवस्था! वसतिगृहासमोर पिवळं, तळ्याकाठी शेवाळ, वरच्या मैदानावर गोलपोस्टपुढे नुसती टकलं.

पण मुख्य मैदान! आठ हजार चौरस मीटर. भोवती उंच जाळी, दाराला कुलूप. जाळीतून बघितलं आणि जागीच थांबलो. एकसारखं हिरवं. एक पान पिवळं नाही, एक तण नाही. अकरा वर्षं या धंद्यात काढली, असं गवत बघितलं नव्हतं.

"आत जाता येईल?" मी विचारलं.

"बूट चालत नाहीत साहेब. किल्ली खेळाच्या सरांकडे. जाळीबाहेरून मोजा, चालेल."

"कापता किती दिवसांनी?"

"कापत नाही."

"म्हणजे?"

"वाढतच नाही ते जास्त. ब्रश फिरवतो आठवड्यातून एकदा."

बुटकं वाण! मी टिपून घेतलं. "पाणी?"

"सामन्याआधी मारतो थोडं. तापतं ना."

"आणि खत कुठलं?"

त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "ते सांगायला नको साहेब," तो म्हणाला.

धंद्यातलं गुपित आहे हे मी तेव्हाच ओळखलं.

६ मार्च, गुरुवार

काल लिहायचं राहिलं. निघताना जाळीखालून हात घालून मुख्य मैदानाची एक पात उपटून बघितली. निघाली नाही. दोन्ही हातांनी ओढली तरी नाही. मुळं किती खोल गेली असतील! शेवटी हेडमाळीच म्हणाला, "राहू द्या साहेब, हमी जाईल." या जातीला पंधरा वर्षांची हमी आहे म्हणे. बियाण्याचे व्यापारी कुठल्या कुठे पोचले आणि दादा अजून दोन महिन्यांच्या हमीवर बी विकतोय.

दुसरी गोष्ट. घरी आल्यावर मोज्यांत काळे दाणे सापडले. बारीक, हलके, थोडे दबणारे. जाळीच्या कडेला हेच पसरलेले होते. म्हणजे हेच ते खत. बायकोने मोजे धुवायला घेतले तेव्हा मी अक्षरशः झडप घालून दाणे वाचवले.

तिने एक दाणा चिमटीत धरून दाबला, वास घेतला. "अहो, हे रबर आहे."

"हळू विरघळणारं खत असंच असतं," मी समजावलं. "वर आवरण असतं."

"पण अहो, ते गवतच मुळी—"

"हे बघ," मी शांतपणे म्हणालो, "तू टाइप कर, विचार मी करतो."

तिने मोजे जरा जास्तच जोरात पिळले.

९ मार्च, रविवार

शुक्रवारी दाणे माती तपासायच्या प्रयोगशाळेत दिले. सोबत वरच्या मैदानाची मातीही दिली, तुलनेसाठी.

आज दिवसभर दराचं गणित. लोकांना वाटतं खताचं काम म्हणजे पोतं फोडायचं आणि फेकायचं. एका वेळेला एका चौरस मीटरला तीस ग्रॅम. म्हणजे सगळ्या आवाराला बाराशे तीस किलो, पंचवीस किलोची पन्नास पोती. वर्षातून चार वेळा. त्यावर मजुरी, टेम्पो, यंत्राची झीज आणि माझी बुद्धी. शेवटच्याला बाजारात ठरलेला भाव नाही, तिथेच कौशल्य असतं.

दादाही निविदा भरणार आहे. वहिनीने फोनवर बायकोला सांगितलं. तिसरा तो लाल टोपीवाला कंत्राटदार, जो सगळीकडे असतो.

संध्याकाळी विचार सुचला आणि उठून उभाच राहिलो. आजारी गवताला कुणीही बरं करेल. निरोगी गवत निरोगी ठेवणं ही खरी कला. म्हणून मुख्य मैदानाला तिप्पट दर! दादाला हे सात जन्मांत सुचणार नाही.

बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती. तिने एक ताट खूप वेळ पुसलं.

"त्या मैदानाला खत घालू नका," ती म्हणाली.

"का?"

"ऐकायचंय का?"

"सांग ना."

"ते गवत खरं—"

तेवढ्यात फोन वाजला. टेम्पोवाला होता. त्याच्याशी भाड्याची घासाघीस करून परत आलो तेव्हा ताटं जागेवर गेली होती आणि ती पुस्तक उघडून बसली होती. काय सांगत होतीस, विचारलं. "काही नाही," म्हणाली. बायकांचं असंच असतं, मुद्दा टिकत नाही.

१२ मार्च, बुधवार

प्रयोगशाळेचा अहवाल आला. वरच्या मैदानाच्या मातीत नत्र कमी, ते मला दिसलंच होतं. पण दुसऱ्या नमुन्यापुढे लिहिलंय: 'ही माती नाही, खतही नाही. बहुधा जुन्या टायरांचा चुरा. कृपया असे नमुने पाठवू नयेत.'

नमुन्यांची अदलाबदल केलीय गाढवांनी! कुणाच्या तरी गॅरेजमधला कचरा माझ्या नावावर. फोन करून चांगलं सुनावलं. पलीकडचा माणूस नुसता "बरं, बरं" करत होता. मग म्हणाला, "साहेब, ते गवत तुम्ही जवळून बघितलंत का?"

मी फोन ठेवला. खुर्चीत बसून गवताबद्दल शिकवणारी माणसं मला चांगली ठाऊक आहेत. अकरा वर्षं मी तेच काम केलं.

अहवाल बायकोने वाचला, घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. फाइलला लावायला असणार.

१५ मार्च, शनिवार

विशेष काही नाही. बायको छापखान्यातून दोन तास उशिरा आली. कुठे होतीस, तर म्हणे पाय मोकळे करून आले. तिच्या चपलांच्या पट्ट्यांत काळे दाणे होते. माझ्या मोज्यांतले सांडले असतील. घर झाडायला हवं.

आल्यापासून ती गाणं गुणगुणतेय. कामाचं इतकं दडपण असताना हिला गाणं सुचतं, याचं नवल वाटतं.

१७ मार्च, सोमवार

निविदा तयार. मी आकडे सांगितले, तिने टाइप केले. वसतिगृह, तळ्याचा काठ, वरचं मैदान, प्रवेशाचा रस्ता, सगळं वेगळं वेगळं. शेवटी मुख्य मैदान, तिप्पट.

"तिप्पट," ती म्हणाली.

"तिप्पट. आणि शेऱ्यात लिही, 'विशेष देखभाल.'"

"लिहिते."

"वाचून दाखव."

"अहो, पाच वाजेपर्यंत पोचवायचंय. सही करा, मी जाता जाता देते."

मी सही केली. लिफाफा तिनेच चिकटवला आणि तिनेच नेऊन दिला. एवढा विश्वास टाकल्याशिवाय हाताखालची माणसं तयार होत नाहीत. हे दादाला कधी कळलंच नाही.

२१ मार्च, शुक्रवार

जे घडलं ते क्रमाने लिहितो, कारण माझ्याच डोक्यात अजून नीट बसत नाहीये.

अकरा वाजता शाळेच्या सभागृहात निविदा उघडल्या. लांब टेबल, पलीकडे मॅनेजर मॅडम आणि मुख्याध्यापक, अलीकडे आम्ही तिघं. दादा इस्त्रीच्या शर्टात. लाल टोपीवाला टोपीसकट. मागे भिंतीला टेकून हेडमाळी उभा. त्याला कशाला बोलावलं होतं कोण जाणे.

"काय शास्त्रज्ञ," दादा हळूच म्हणाला, "तुझ्या वहिनीने खुर्चीसाठी नवी उशी शिवलीय."

"तूच वापर," मी म्हणालो.

आधी लाल टोपीवाल्याचा लिफाफा. मॅडम वाचत गेल्या. "मुख्य मैदान, वर्षातून सहा वेळा खत, दोनदा तणनाशक." मुख्याध्यापकांनी चष्मा काढला आणि रुमालात तोंड लपवलं. मागे हेडमाळी खोकला.

मग दादाचा. "मुख्य मैदान, चार वेळा खत, एकदा गांडूळखत." मुख्याध्यापकांचे खांदे हलायला लागले.

"आपण आवार बघितलंत का?" मॅडमनी दादाला विचारलं.

"माणूस पाठवला होता."

"कुठपर्यंत?"

दादाने कॉलर सारखी केली. "गेटपर्यंत. बाकी सगळं उपग्रहावरून दिसतं हल्ली."

मी मनात म्हटलं, आता माझा तिप्पट दर ऐका. मॅडमनी माझा कागद उघडला. वाचता वाचता थांबल्या. मग मुख्याध्यापकांकडे सरकवला. तेही थांबले.

"मुख्य मैदान," मॅडम मोठ्याने म्हणाल्या, "शून्य. शेरा: गरज नाही."

शून्य! बायकोने तिप्पटच्या जागी शून्य टाइप केलं! आठ हजार चौरस मीटरचं काम, माझ्या सहीने, फुकट! एक तारीख डोळ्यांपुढे आली, उशीसकट. मी ताडकन उठलो.

"मॅडम, मुख्य मैदानाबद्दल मला एक खुलासा करायचाय. तिथे—"

मागे हेडमाळ्याला खोकल्याची एवढी उबळ आली की कुणीतरी त्याला पाणी दिलं.

"खुलाशाची काही गरज नाही!" मॅडम हसत म्हणाल्या. "त्या शून्यातच सगळं आलं. तिघांत आवार बघून दर काढणारे तुम्ही एकटेच. बाकीच्यांनी तर मुख्य मैदानालाही खत घातलं!"

मुख्याध्यापक आता उघड हसत होते. लाल टोपीवाला गोंधळून हसला. दादा हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि एकदम त्याचं तोंड लाल झालं.

काम मला मिळालं. वर्षभराचं.

२२ मार्च, शनिवार

रात्री नीट विचार केला आणि सकाळी बायकोला समोर बसवलं.

"तुझ्याकडून टाइप करताना चूक झाली," मी म्हणालो. "तिप्पटच्या जागी शून्य. नशीब म्हणून लोकांना तो माझा मोठेपणा वाटला. पण पुढे असं चालणार नाही."

"पुढे नाही होणार," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप शोधला. असेल, पण आत असेल.

"मी माफ केलं," मी म्हणालो.

तिने चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. तिचे खांदे हलत होते. मी पाठीवरून हात फिरवला. माफी मिळाली की माणूस असा हेलावतो.

दुपारी दादाचा फोन. "तुला कसं कळलं रे?"

"काय?"

"मुख्य मैदानाचं. मला पण लक्षात यायला हवं होतं. एवढी वर्षं धंद्यात, आणि सगळ्यांसमोर गांडूळखत! तुझी वहिनी तर बोलतच नाहीये, नुसती हसतेय."

त्याला वाटतंय मी मुद्दाम शून्य लावून डाव टाकला. मी खोडून काढलं नाही.

"नजर असावी लागते, दादा," मी म्हणालो. "ती काउंटरमागे बसून येत नाही."

मग तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. मी तुला बोलू द्यायला हवं होतं."

अकरा वर्षांत दादाने मला 'बरोबर आहे' म्हटल्याचं हे पहिलंच उदाहरण. म्हणून इथे नोंदवून ठेवतोय.

७ एप्रिल, सोमवार

पहिली फेरी पूर्ण. यंत्र एकदाचं घराबाहेर पडलं. फ्रिज आता एका हाताने उघडतो.

खत मागवायचं काम बायकोकडे होतं. पन्नास पोती सांगितली होती, टेम्पोतून चाळीसच उतरली. माझा पारा चढला. पण दर शून्य असला तरी मी शब्दाचा पक्का, मुख्य मैदान सोडणं शक्य नव्हतं. किंबहुना सुरुवात तिथूनच करणार होतो. यंत्र भरून जाळीच्या दारापर्यंत नेलंही. हेडमाळ्याचा चेहरा पांढरा पडला. तो तसाच पळत सुटला आणि बायकोला घेऊन आला. तिने त्या दिवशी छापखान्यातून सुट्टी घेतली होती आणि पोती मोजायला शाळेत आली होती.

"अहो, थांबा!" ती धापा टाकत म्हणाली. "हे मैदान माझ्याकडे द्या."

"तुझ्याकडे?"

"चूक माझी होती ना? मग भरपाई मीच करते. दर गुरुवारी दुपारी तीन तास. तुम्ही तुमचं डोकं पिवळ्या गवतासाठी वापरा."

विचार केला. निरोगी मैदान आहे, नवशिक्याकडून फारसं बिघडणार नाही. शिवाय तिला आपली चूक मनाला लागली होती, हे बघून बरं वाटलं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण खत?"

"खताचं मी बघते."

"आणि मजुरी लागेल," ती जाता जाता म्हणाली. "तीन तासांची. कंपनीतून."

हेडमाळी म्हणाला, "साहेब, या कामाला कमीच आहे." मजुरी मंजूर केली.

आणि गंमत म्हणजे चाळीस पोत्यांत बाकीचं सगळं आवार व्यवस्थित झालं. शेवटची मूठ शेवटच्या कोपऱ्यावर संपली. तिच्या हिशेबातला घोटाळा माझ्या हाताच्या मापाने भरून निघाला. मी काही बोललो नाही.

१० जुलै, गुरुवार

दुसरी फेरीही झाली. वसतिगृहासमोर हिरवं आलंय. तळ्याकाठचं शेवाळ गेलं. वरच्या मैदानाची टकलं भरत आलीत. मॅडम स्वतः म्हणाल्या, तुमच्या हाताला गुण आहे. हे मात्र कुणाच्या चुकीतून आलेलं नाही, ते मीच केलंय, आणि गवतावरून चालताना मला ते जाणवतं.

आज गुरुवार. बायकोच्या कामावर अचानक नजर टाकावी म्हणून मुख्य मैदानाकडे गेलो. जाळीतून बघितलं. मैदानाच्या बरोबर मधे ती उताणी पडली होती. चपला उशाला, तोंडावर उघडं पुस्तक, शेजारी चहाचा थर्मास. हेडमाळी दाराशी स्टूल टाकून बसला होता. मला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"काय चाललंय?" मी कुजबुजलो.

"निरीक्षण," तो म्हणाला. "असं पाठीला लावल्याशिवाय समजत नाही साहेब."

मी पावलांचा आवाज न करता मागे फिरलो. मन लावून काम करणाऱ्याला मधेच हटकू नये. दादाने हे कधी पाळलं नाही, म्हणून त्याच्याकडे माणसं टिकत नाहीत.

फिरण्याआधी मैदान मात्र बारकाईने तपासलं. मार्चमधल्या टिपणाशी ताडून बघितलं. चार महिने झाले, उन्हाळा सरला, एक पात पिवळी पडलेली नाही, एक पात वाढलेली नाही, एक तण नाही. जसं होतं तसंच. नवशिक्या हाताकडून हे होणं सोपं नाही.

जेवताना तिला तसं सांगितलं. "तुझ्या मैदानात मला एकही चूक सापडली नाही."

"सगळं तुमच्याकडून शिकले," ती म्हणाली आणि मला अजून एक पोळी वाढली.

पुढच्या वर्षी वरचं मैदानही मुख्य मैदानासारखंच करून घ्यायचं शाळेच्या मनात आहे, असं मॅडम आज म्हणाल्या. आमच्या कामाची ही पावतीच. तिला सांगितलं, तर तिचा हात पोळीच्या डब्यावरच थांबला. मग म्हणाली, "बाजारातल्या दुकानांपुढच्या बागेची निविदा निघतेय म्हणे. उद्या बघून येऊ. दोघं."

दोघं कशाला, हे कळलं नाही. पण येऊ दे. शिकेल.